कोकणातल्या जुन्या लोहखाणी कशा पाहाव्यात: ढिगापासून कसोटीपर्यंत

जुनी खाण पाहायला जाणारा माणूस बहुधा खड्ड्याच्या काठावर उभा राहतो, खालच्या हिरवट पाण्याचा फोटो काढतो आणि परत फिरतो. खड्ड्यात मात्र पाहण्यासारखे फार थोडे उरलेले असते, कारण जे मोलाचे होते ते जहाजात भरून केव्हाच गेलेले असते. खाण कशी चालली, कोणत्या थराला हात लागला, कोणता दगड नको म्हणून बाजूला पडला, हे सारे काठावरच्या टाकाऊ ढिगात लिहिलेले असते. म्हणून या लेखात खड्ड्यापेक्षा ढिगाविषयी अधिक लिहिले आहे, आणि दगड गोळा करण्यापेक्षा तो ओळखण्याच्या आणि त्याची जागा नोंदवण्याच्या पद्धतीवर भर दिला आहे.

कुठे जावे आणि तिथेच का

रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांचा बराचसा भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झाला. सिंधुदुर्गात दक्षिणेकडे सरकू लागल्यावर हे पांघरूण विरळ होत जाते आणि त्याखालचे, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे अतिप्राचीन खडक उघडे पडतात. लोहखनिज त्या जुन्या खडकांत आहे. वेंगुर्ले तालुक्यातील रेडी, सावंतवाडी तालुक्यातील आजगाव आणि तिरोडा, दोडामार्ग तालुक्यातील कळणे ही नावे खाणींच्या संदर्भात पुन्हा पुन्हा का येतात, याचे उत्तर एवढेच आहे. तेरेखोल खाडी ओलांडली की हाच पट्टा गोव्यात शिरतो आणि डिचोली, शिरगावकडे जातो. तिथे जाण्याचा विचार असेल, तर परवानगीचा सगळा व्यवहार नव्याने करावा लागतो.

पहिल्या सहलीसाठी मी रेडीचेच नाव सुचवतो. खाण, बंदर, खाडी आणि यशवंतगड एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की खनिज जमिनीतून निघून जहाजापर्यंत कसे पोहोचत असे, हे एका दिवसात डोळ्यांनी पाहता येते. गावातली प्रसिद्ध द्विभुज गणेशमूर्तीही १९७६ मध्ये खाणीच्या परिसरातच जमिनीखाली सापडली. दर्शनाला येणाऱ्या गर्दीतले फार थोडे लोक आजूबाजूच्या लाल टेकड्यांकडे पाहतात.

लोहाखेरीज इतर खनिजे पाहायची असतील, तर वाट थोडी लांबवावी. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे परिसरात क्रोमाइट, कासार्डे भागात काचेच्या उद्योगाला लागणारी सिलिका वाळू, मंडणगड आणि दापोलीकडे बॉक्साइट, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड येथे इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाची काळी वाळू आढळते.

निघण्यापूर्वीची कामे

बंद पडलेली खाण ही मोकळी जागा नसते. खाणीच्या भाडेपट्ट्याची मुदत चालू असू शकते, जमीन खाजगी असू शकते, आणि खनिजाचा प्रश्न त्याहून निराळा असतो. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ नुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेणे किंवा उत्खनन करणे गुन्हा आहे. चालू खाणीत शिरणाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न खाण अधिनियम, १९५२ खाली येतो. त्यामुळे आधी तलाठी कार्यालयात सातबारा पाहून जमीन कोणाची हे जाणून घ्यावे, ओरोस येथे जिल्हाधिकारी कार्यालयातील खनिकर्म शाखेत खाणीची सद्यस्थिती विचारावी आणि ग्रामपंचायतीत आपला हेतू सांगून जावे. ही तिसरी पायरी लोक टाळतात आणि मग वाटेत अडवले गेल्यावर चिडतात. खाणींवरून या गावांनी बरेच सोसले आहे. २०२१ च्या पावसाळ्यात कळणे येथे खाणीचा बांध फुटून चिखलपाणी वस्तीत आणि बागायतीत शिरले होते. हातोडी घेऊन फिरणाऱ्या परक्या माणसाकडे तिथल्या लोकांनी संशयाने पाहिले, तर त्यात नवल नाही.

नकाशांसाठी खर्च करण्याची गरज नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणातले नकाशे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावरचे भूशास्त्रीय नकाशे घरबसल्या मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून खाणीचे ठिकाण कोणत्या खडकावर आहे ते पेन्सिलीने टिपावे. त्यानंतर उपग्रहचित्र पाहावे. लाल उघडी जमीन, निळा-हिरवा गोल तलाव आणि त्याच्या एका अंगाला पंख्यासारखी पसरलेली टेकडी असे तिन्ही एकत्र दिसले, तर ती टेकडी म्हणजे टाकाऊ मातीचा ढीग असतो. आपल्याला तिकडेच जायचे आहे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जाऊच नये. मे महिन्यात सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, कातळ इतका तापतो की दुपारी अकरानंतर काम होत नाही.

सोबत घ्यायचे सामान साधे आहे: घोट्याच्या वर येणारे बूट, जाड हातमोजे, धुळीसाठी चांगला मास्क, दहापट मोठे दाखवणारे भिंग, जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक, वर्तमानपत्राचे कागद, वही आणि एक पांढरी, पाठीला चकाकी नसलेली टाइल. या टाइलविषयी पुढे सविस्तर येईल. हातोडी न्यायचीच असेल तर डोळ्यांना चष्मा हवा. माझा सल्ला असा, की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ती घरीच ठेवावी, कारण ढिगावर फुटलेल्या दगडांची वाण नसते.

धोके

खाणीच्या तलावात कोणत्याही परिस्थितीत उतरू नये. नदीला जसा उतार असतो तसा तिथे नसतो. काठापासून एका पावलावर पाणी कित्येक मीटर खोल असू शकते, आणि ओल्या मातीच्या सरळ भिंतीला धरून वर येता येत नाही. दुसरा धोका दिसतही नाही. खनिज धुतल्यानंतरचा बारीक गाळ जिथे साठवलेला असतो, तिथे वर वाळलेली, भेगाळलेली, पाय ठेवावासा वाटेल अशी खपली असते आणि खाली वर्षानुवर्षे न सुकलेला रबडा असतो. सपाट, झाडे नसलेली, तळ्याच्या आकाराची लाल जागा दिसली की तिला वळसा घालावा. जांभ्याच्या काठाचीही हीच गोष्ट आहे. वरचा कठीण थर टिकून राहतो आणि खालची मऊ माती पावसाने निघून जाते, त्यामुळे आपण उभे असतो तो भाग पुष्कळदा अधांतरी असतो. काठापासून किमान पाच-सहा पावले मागेच राहावे.

ढिगात रंगीत वायरींचे तुकडे किंवा ॲल्युमिनियमची बारीक नळी दिसल्यास ती सुरुंगाची असू शकते. तिला हात न लावता जागा लक्षात ठेवून पोलीस ठाण्याला कळवावे. आणि दगड उलटण्यापूर्वी काठीने हलवून पाहावा, कारण या जिल्ह्यातल्या कातळावर फुरसे (विषारी साप) मुबलक आहे. ते आकाराने लहान, रंगाने मातीसारखे आणि स्वभावाने तापट असते. एकट्याने कधीही जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

ढीग वाचणे

ढिगाजवळ पोहोचल्यावर लगेच वाकून दगड उचलू नयेत. प्रथम पन्नास पावले दूर उभे राहून त्याचे रंग पाहावेत. खाण वरून खाली खणली जाते, त्यामुळे सगळ्यात वरचा जांभा सगळ्यात आधी बाहेर पडून ढिगाच्या तळाशी किंवा आतल्या बाजूला जातो, आणि खोलातला माल त्याच्यावर किंवा बाहेरच्या टोकाला येतो. म्हणजे ढीग हा जमिनीचा उलटा केलेला क्रम असतो. प्रत्यक्षात ट्रक जागा बदलत राहतात आणि पाऊस सगळे कालवतो, त्यामुळे हा क्रम पुस्तकासारखा स्वच्छ दिसणार नाही. तरीही विटकरी, पिवळा, जांभळट आणि पोलादी करडा असे चार पट्टे बहुतेक ढिगांवर वेगळे काढता येतात.

विटकरी भाग जांभ्याचा. घराचे चिरे काढतात तोच हा दगड, आणि १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने केरळात पाहून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. पिवळा भाग गोएथाइट आणि लिमोनाइट या पाणी धरून ठेवणाऱ्या लोहखनिजांचा. जांभळट, हाताला साबणासारखा लागणारा आणि पापुद्र्यांनी सुटणारा दगड म्हणजे कुजलेला फिलाइट. तो खनिजाच्या शेजारी असतो, खनिज नव्हे. पोलादी करडा भाग हेमॅटाइटचा, म्हणजे खऱ्या लोहखनिजाचा.

या करड्या भागात एक दगड जरूर शोधावा. त्यात एकाआड एक पट्टे दिसतात, एक करडा आणि एक पांढरट किंवा तांबूस, काही पट्टे बोटाएवढे रुंद तर काही सुरीच्या पात्याइतके. हा पट्टेदार हेमॅटाइट क्वार्ट्झाइट. प्राचीन समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोह आणि सिलिका आळीपाळीने तळाशी बसत गेले, त्याचे हे थर आहेत. पुढे हे खडक वर आले, लाखो वर्षांच्या पावसाने त्यांतली सिलिका हळूहळू धुऊन नेली आणि लोह मागे राहिले. जिथे सिलिका पूर्ण गेली तिथे दगडाऐवजी करडी, चमकदार भुकटी उरली. ही भुकटी बोटावर घासली तर प्रथम शिसपेन्सिलीसारखी चकाकी येते आणि आणखी घासल्यावर बोट रक्तासारखे लाल होते. खाणवाले जिला इंग्रजी नावाने ‘ब्लू डस्ट’ म्हणतात ती हीच. हाताला लागलेला तिचा रंग दोन दिवस जात नाही, हे लग्नकार्याला जायचे असल्यास आधीच ध्यानात घ्यावे.

ढिगाच्या पायथ्याशी पाणी झिरपत असेल तर तिथे थांबावे. नारिंगी, साईसारखा गाळ आणि पाण्यावर तेलासारखा इंद्रधनुषी तवंग दिसतो. लोक तो डिझेलचा समजतात. काडीने तवंग हलवावा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जीवाणूंचा. तुकडे पुन्हा एक झाले तर खरोखर तेल. हे पाणी पिऊ नये आणि त्याने तोंडही धुऊ नये.

ओळख पटवणे

रेडीत एका जुन्या खाणकामगार काकांनी मला माझ्या हातातले भिंग पाहून सुनावले होते, “रंग काय बघतस? हातात घेवन बघ.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. लाल रंग जांभ्यालाही असतो, पण वजन फसवत नाही. शुद्ध हेमॅटाइट पाण्याच्या सव्वापाच पट जड असतो, तर साधी गारगोटी सुमारे २.६५ पट. सारख्या आकाराचे दोन दगड दोन हातांत घेतले की फरक कळतोच.

आकडा हवा असेल तर तो घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काढता येतो. दगड कोरडा करून त्याचे वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याने भरलेले पातेले ठेवून काटा शून्यावर आणावा, दगडाला दोरा बांधून तो पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरावा आणि काट्यावरचा आकडा वाचावा. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. उदाहरणार्थ, ४२० ग्रॅमचा दगड बुडवल्यावर काट्याने ८४ दाखवले, तर घनता ५ आली, म्हणजे हेमॅटाइट किंवा मॅग्नेटाइट यांपैकी काही असण्याचा संभव मोठा. सच्छिद्र जांभ्याला ही युक्ती नीट लागू पडत नाही. तो पाणी पितो, बुडबुडे सोडतो आणि आकडा हलत राहतो.

आता ती टाइल. सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासून कस पाहतो, त्याच तत्त्वाने खनिज टाइलच्या खरखरीत पाठीवर घासून रेघ पाहायची. दगडाचा रंग उन्हापावसाने बदलतो. रेघेचा, म्हणजे भुकटीचा रंग बहुधा बदलत नाही. हेमॅटाइट बाहेरून काळा दिसो वा करडा, रेघ तांबडी-तपकिरीच येते. गोएथाइटची रेघ पिवळट तपकिरी, मॅग्नेटाइटची काळी, क्रोमाइटची तपकिरी. मँगनीजचे मऊ खनिज पायरोल्युसाइट काळी रेघ तर देतेच, शिवाय हातही कोळशासारखे काळे करते. सुरुवातीला माझ्याकडे टाइल नव्हती म्हणून मी घरच्या फुटक्या मंगळुरी कौलावर रेघा ओढल्या आणि सापडलेला प्रत्येक दगड हेमॅटाइट ठरवून मोकळा झालो. कौल स्वतःच भाजलेल्या लोहयुक्त मातीचे असते. त्यावर लाल रेघ कोणाचीही उमटते. चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडा मात्र चालते.

चुंबक शेवटी लावावा. मॅग्नेटाइट तो जोरात ओढतो, हेमॅटाइट जवळजवळ नाही. चुंबकाला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावे, नाहीतर त्याला चिकटलेली बारीक भुकटी आयुष्यभर निघत नाही.

पिवळ्या मातीचा एक प्रयोग मुलांना दाखवण्याजोगा आहे. चमचाभर पिवळी माती जुन्या, टाकून द्यायच्या तव्यावर घेऊन अंगणातल्या चुलीवर कडक तापवावी. तिच्यातले पाणी उडून गोएथाइटचे हेमॅटाइट होते आणि माती डोळ्यांदेखत तांबडी होते. भिंतीला लावायचा गेरू आणि पिवळी माती यांत फरक किती, तो तव्यावर कळतो.

जुन्या खाणींपाशी नव्हे, पण सड्यावर किंवा ओहोळाच्या काठी कधीकधी काळे, काचेसारखे, वितळून गोठल्यासारखे, बुडबुड्यांच्या भोकांचे दगड मिळतात. ते खनिज नसून लोखंड गाळताना निघालेले किट्ट असू शकते. वैद्यांच्या मंडूर भस्मातले मंडूर ते हेच. मोठ्या यांत्रिक खाणींच्या पुष्कळ आधीपासून सह्याद्रीत धावड लोक कोळशाच्या छोट्या भट्ट्यांत जांभ्यातले लोखंड गाळत. असे किट्ट एका जागी पुष्कळ असेल तर तिथे भट्टी असण्याचा संभव आहे. ती जागा खणू नये, फोटो आणि स्थान टिपून पुरातत्त्वाच्या जाणकाराला कळवावे. हाच नियम कातळशिल्पांना. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, पण सड्यावरची कित्येक शिल्पे आजही गवताखाली आहेत, आणि घाईने चालवलेला हातोडा ती पाहत नाही.

सोन्याविषयी

हा प्रश्न प्रत्येक सहलीत कोणीतरी विचारतोच. कोकण किनाऱ्यावर आज सोन्याची एकही खाण चालू नाही, आणि सुवर्णदुर्गाच्या नावावरून काही अनुमान काढू नये. ज्या जातीच्या प्राचीन खडकांत कर्नाटकातील कोलार आणि हट्टी येथे सोने मिळाले, त्यांचे दूरचे भाऊबंद सिंधुदुर्गात आहेत, म्हणून आशा सुटत नाही एवढेच. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. हट्टी चालू आहे.

व्हाळाच्या (ओढ्याच्या) वाळूत जे सोनेरी चमकते, ते बहुतेक वेळा कुजलेले अभ्रक असते. तपासणी सोपी आहे. तळहातावर कण घेऊन सावलीत न्यावे: अभ्रक विझते, सोने सावलीतही पिवळेच राहते. सुईने दाबावे: अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, सोन्यासारख्या दिसणाऱ्या पायराइट या खनिजाचा चुरा होतो, सोन्याला नुसता खळगा पडतो. शिवाय पायराइटची रेघ हिरवट काळी असते, सोन्याची पिवळीच.

वाळू धुण्याची कला मात्र शिकण्यासारखी आहे, मग त्यात सोने असो वा नसो. सोनारांच्या पेढीपुढची धूळ धुऊन झारेकरी त्यातले सोन्याचे कण काढत आले आहेत, आणि युक्ती तीच: जड ते तळाशी, हलके ते पाण्याबरोबर. उभट काठाची परात घ्यावी, मूठ-दोन मुठी वाळू घालून ती पाण्याखाली आडवी-उभी हलवावी, म्हणजे जड कण खाली बसतात. मग परात किंचित कलती करून सुपाने पाखडावे तशा लयीत वरची पांढरी वाळू पाण्यासोबत जाऊ द्यावी. शेवटी चंद्रकोरीच्या आकाराचा काळा पट्टा उरतो. त्यातला मॅग्नेटाइट चुंबक काढून घेतो. राहतो तो बहुतांशी इल्मेनाइट. रत्नागिरीच्या काळ्या पुळणीवर हा पट्टा दोन मिनिटांत मिळतो.

आपला हात बसला की नाही हे तपासण्यासाठी कोळ्यांच्या पागाला (फेकायच्या जाळ्याला) लावतात त्या शिशाचा एक तुकडा हातोडीने चपटा करून त्याचे कात्रीने दहा बारीक कण करावेत आणि वाळूत मिसळावेत. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड, सोने १९.३ पट. धुऊन झाल्यावर दहापैकी नऊ कण परातीत राहिले, तर त्या व्हाळात सोने असते तर ते तुमच्या हातून सुटले नसते. पहिल्या वेळी माझे चारच राहिले होते. हे सारे काम टबात घरी करावे, शिसे व्हाळात सोडू नये, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि किनाऱ्यावर तपासलेली वाळू तिथेच परत टाकावी.

नोंद आणि जपणूक

परवानगीने घेतलेले नमुने मुठीएवढे आणि मोजके असावेत. एका ढिगावरून चार-पाच पुरतात. प्रत्येक दगड उचलण्यापूर्वी तो जिथे पडला होता तिथे, शेजारी पेन ठेवून फोटो घ्यावा. वहीत क्रमांक, तारीख, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, ढिगाचा कोणता पट्टा आणि लगतचे दगड कोणते, एवढे लिहावे. घरी आल्यावर लिहू म्हणून ठेवलेली नोंद कधीच लिहिली जात नाही. माझ्याकडे एक सुंदर पट्टेदार दगड आहे, त्याची जागा मला आठवत नाही आणि तो गेली कित्येक वर्षे टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला आहे.

दगडाच्या एका कोपऱ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका देऊन तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालावा. कठीण हेमॅटाइट ब्रशने धुता येतो. मऊ खनिज आणि फिलाइट यांना पाणी लावू नये, ती विरघळून चिखल होतात. मँगनीजचा नमुना वेगळ्या डबीत ठेवावा, नाहीतर बाकीचे सगळे काळे होतात. पायराइट असलेला दगड कोकणच्या दमट हवेत गंजून पांढरी-पिवळी बुरशी आल्यासारखा दिसू लागतो. तो बंद डबीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावा.

पुढच्या नोव्हेंबरात त्याच ढिगावर, त्याच जागी पुन्हा जावे. पावसाने वरची माती धुऊन नेलेली असते, गेल्या वर्षी न दिसलेले दगड उघडे पडलेले असतात, आणि जुन्या फोटोशी ताडून पाहिले की ढीग कुठून किती सरकला हेही समजते. ओघळ गावाच्या दिशेने रुंदावत चालले असतील, तर तो जुना-नवा फोटो ग्रामपंचायतीत नेऊन द्यावा.